जुन्या माल्डी-टॉफचं रेझोल्यूशन ३००० वर अडकलंय, आधी कुठे हात घालावा?

डाळिंबी

सगळ्यांना नमस्कार.

मी सोलापुरात रसायनशास्त्र शिकवते आणि डाळिंबाच्या सालीतल्या टॅनिन्सवर (तुरट चवीच्या संयुगांवर) काम करते. सोलापूर डाळिंबाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, सांगोल्याकडचा भगवा परदेशात जातो, पण रस काढल्यावर उरलेल्या सालीचे ढीग बहुतेक ठिकाणी खतातच जातात. त्या सालीत प्युनिकॅलॅजिन हे टॅनिन भरपूर असतं. त्याचं वस्तुमान १०८४ डाल्टन (रेणूच्या वस्तुमानाचं एकक), सोडियम चिकटला की ११०७ ला दिसतं. त्याच्याबरोबर त्याच कुळातले आणखी जड रेणू असावेत असं वाटतं, तेच ओळखायचे आहेत.

विभागात एक जुनं माल्डी-टॉफ आहे, म्हणजे लेझरनं रेणूंचे आयन उडवून ते डिटेक्टरपर्यंत किती वेळात पोचतात त्यावरून वस्तुमान मोजणारं यंत्र. दुसऱ्या प्रयोगशाळेनं नवं घेतल्यावर ते आमच्याकडे आलं. ३३७ नॅनोमीटरचा नायट्रोजन लेझर, २० किलोव्होल्ट, रिफ्लेक्ट्रॉन (आयनांना परत वळवणारा भाग), डिलेड एक्स्ट्रॅक्शन (आयन थोडं थांबून ओढणं), उड्डाणाचा एकूण मार्ग साधारण २ मीटर धरा, सिग्नलचे आकडे करणारा डिजिटायझर सेकंदाला १ अब्ज नमुने घेणारा. माहितीपत्रकात रेझोल्यूशन (वस्तुमान भागिले पीकची रुंदी) १०,००० लिहिलंय. आम्हाला ११०७ च्या पीकला (आलेखातल्या शिखराला) ३००० च्या आसपास मिळतं, म्हणजे निम्म्या उंचीवर रुंदी ०.३७ डाल्टन. ११०७ ला समस्थानिकांची पीक्स सुटी दिसतात. २००० च्या वर गेलं की पायथे एकमेकांत शिरतात आणि नेमकं वस्तुमान सांगता येत नाही.

विभागात एकेकाचं एकेक मत आहे. कुणी म्हणतं लेझर बदला, कुणी म्हणतं डिटेक्टर. पैसे एकाच गोष्टीला पुरतील. ज्यांनी अशा यंत्रांवर काम केलंय त्यांनी सांगावं, आधी कुठे हात घालू?

लांबपल्ला

ताई, टॉफमध्ये रेझोल्यूशन म्हणजे उड्डाणकाळ भागिले पीकच्या रुंदीची दुप्पट. काळ वाढवायचा तर नळी लांब हवी, दुसरा मार्ग नाही. जपानमध्ये आयनांना इंग्रजी आठच्या आकड्यासारखं गरगर फिरवून १७ मीटरचा प्रवास घडवणारं माल्डी-टॉफ बनलंय, त्याचं रेझोल्यूशन ६०,००० च्या वर जातं. २ मीटरच्या जुन्या यंत्रावर पैसे घालू नका. नमुने मोठ्या संस्थेत पाठवा.

नवशिक्या_भौतिक

मी एम.एस्सी. भौतिकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सूत्र पाठ आहे, पण दुप्पट का भागायचं हे कधी कळलं नाही. कुणी सांगेल का? आणि ३००० म्हणजे किती नॅनोसेकंदांची गोष्ट चाललीय?

निर्वात

मी निवृत्त आहे. नोकरीची बहुतेक वर्षं मास स्पेक्ट्रोमीटर जोडण्यात आणि दुरुस्त करण्यात गेली. जरा सविस्तर लिहितो.

आधी नवशिक्याचा प्रश्न. सगळ्या आयनांना सारखीच ऊर्जा मिळते, म्हणून वेग वस्तुमानाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात. म्हणजेच वस्तुमान हे काळाच्या वर्गाच्या प्रमाणात. वर्ग आला की काळातली १ टक्का चूक वस्तुमानात २ टक्के होते. ती दुप्पट तिथून येते.

आता आकडे. ११०७ डाल्टनच्या एकभारी आयनाला २० किलोव्होल्ट दिले की वेग सेकंदाला ५९ किलोमीटर. २ मीटरला लागतात ३३.९ मायक्रोसेकंद. रेझोल्यूशन १०,००० हवं तर पीकची रुंदी १.७ नॅनोसेकंद असायला हवी. डाळिंबीताईंच्या ३००० चा अर्थ रुंदी ५.६ नॅनोसेकंद. म्हणजे जवळजवळ ४ नॅनोसेकंद कुठून तरी जास्तीचे येताहेत. ते कुठून येतात एवढाच प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर मिळेपर्यंत एक रुपयाही खर्च करू नये असं माझं ठाम मत आहे.

कारण वेगवेगळ्या कारणांनी येणाऱ्या रुंद्या सरळ मिळवायच्या नसतात, त्यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ घ्यायचं असतं. समजा एका कारणानं ५ नॅनोसेकंद येतात आणि दुसऱ्यानं १. एकूण ५.१. तुम्ही लाखभर रुपये घालून १ वालं कारण समूळ काढलंत, तर हाती ५.० उरतात. सगळ्यात मोठं कारण आधी सापडलं पाहिजे. बाकीच्यांना हात लावून पीक हलत नाही.

लांबपल्ला यांच्या म्हणण्याबद्दल. नळी लांब केल्यानं काळ वाढतो हे खरं. डिटेक्टर आणि डिजिटायझरची रुंदी लांबीवर अवलंबून नसते, त्यामुळे तेवढ्यापुरता फायदा होतो. पण आयनांचे वेगच वेगवेगळे असतील तर नळी जितकी लांब तितके ते एकमेकांपासून पांगतात. काळ दुप्पट, रुंदीही दुप्पट, रेझोल्यूशन जिथल्या तिथे. तुम्ही सांगताय त्या जपानी यंत्रात फक्त लांबी नाही, प्रत्येक फेरीत आयनांना पुन्हा एकत्र आणणारी विद्युतक्षेत्रं आहेत. त्यांच्याशिवाय १७ मीटरचा उपयोग नाही.

लांबपल्ला

हा मुद्दा मान्य. पण मग वेगातला फरक काढायचा कसा? लेझर मारल्यावर आयन उडणार ते वेगवेगळ्याच वेगानं.

निर्वात

यावरच या क्षेत्रातल्या माणसांनी पन्नास वर्षं डोकं लावलं. विली आणि मॅक्लारेन यांनी १९५५ साली दाखवलं की आयन तयार झाल्या झाल्या ओढायचे नाहीत, थोडं थांबायचं. त्यांनी ते वायूच्या आयनांसाठी केलं होतं. माल्डी १९८० च्या दशकात आलं. कारास आणि हिलेनकांप यांनी मॅट्रिक्स (नमुन्यात मिसळायचा, लेझरचा प्रकाश शोषणारा पदार्थ) वापरून, तर जपानच्या तनाका यांनी ग्लिसरॉल आणि कोबाल्टची अतिसूक्ष्म पूड वापरून प्रथिनं उडवून दाखवली. तनाकांना २००२ चं नोबेल मिळालं. पण सुरुवातीच्या त्या यंत्रांचं रेझोल्यूशन फारच कमी होतं. १९९४-९५ मध्ये दोन-तीन गटांनी विली-मॅक्लारेनची थांबण्याची युक्ती माल्डीला लावली आणि चित्र पालटलं.

ती युक्ती अशी. माल्डीत मॅट्रिक्सचा ढग सेकंदाला काहीशे मीटर वेगानं प्लेटवरून वर येतो. ५०० धरू. लेझरनंतर २०० नॅनोसेकंद थांबलो तर त्या वेगाचा आयन प्लेटपासून ०.१ मिलिमीटर पुढे गेलेला असतो, संथ आयन मागे असतो. आता व्होल्टेज लावलं की मागच्याला जास्त अंतर उतरण मिळते, म्हणजे जास्त ऊर्जा मिळते, आणि डिटेक्टरपाशी तो पुढच्याला गाठतो. किती थांबायचं हे वस्तुमानावर ठरतं. १००० ला जुळवलेली वेळ ५००० ला जुळत नाही, जड रेणूला जास्त थांबावं लागतं.

इथेच लेझर बदलण्याचा मुद्दा निकालात निघतो. नायट्रोजन लेझरचा झोत ३-४ नॅनोसेकंद चालतो, म्हणून लोकांना वाटतं की पीकही तेवढं रुंद होणार. डिलेड एक्स्ट्रॅक्शनमध्ये घड्याळ लेझरनं सुरू होत नाही, ओढणाऱ्या व्होल्टेजच्या पल्सनं सुरू होतं. लेझरच्या ४ नॅनोसेकंदांत आयन सरकतो किती? २ मायक्रॉन. ते विसरून जा. नव्या ३५५ नॅनोमीटरच्या घन-अवस्था लेझरनं काम भराभर होईल, रेझोल्यूशन वाढेल म्हणून तो घेऊ नका.

उरलेला ऊर्जेतला फरक रिफ्लेक्ट्रॉन काढतो. मामीरिन आणि सहकाऱ्यांनी १९७३ साली ते मांडलं. होम मैदानावर दोन पोरं पळतायत, जोरात पळणाऱ्याला लांबच्या खांबाला हात लावून यायला सांगितलं आणि हळू पळणाऱ्याला जवळच्या, की दोघं एकदम परत येतात. जास्त ऊर्जेचा आयन रिफ्लेक्ट्रॉनमध्ये खोलवर जातो आणि त्यामुळे उशिरा वळतो.

होटगी_रोड

ताई, मी आपल्या सोलापूरचाच. यंत्रांचं इलेक्ट्रॉनिक्स बघतो. काकांनी जे सांगितलं त्यात माझ्या बाजूचं जोडतो.

मोजलेलं वस्तुमान व्होल्टेजच्या सरळ प्रमाणात सरकतं. रेझोल्यूशन १०,००० पाहिजे म्हणजे २०,००० व्होल्टमध्ये २ व्होल्ट हललं की पीक आपल्या रुंदीएवढं सरकलं. तुम्ही एक शॉट (लेझरचा एक झोत) बघत नाही, शेकडो शॉट एकावर एक रचता. मधल्या मधे व्होल्टेज ३-४ व्होल्ट सरकलं तर प्रत्येक शॉट बारीक आणि बेरीज लठ्ठ. आपल्याकडं एप्रिल-मे मध्ये दुपारी काय असतं ते तुम्हाला सांगायला नको. पारा ४२ च्या वर, एसी चालू-बंद, मधेच लाईट जाऊन जनरेटर. हाय व्होल्टेज सप्लायला तापायला वेळ लागतो आणि तापेपर्यंत तो सरकत राहतो.

नळीचंही तेच. स्टेनलेस स्टील एका अंशाला दहा लाखात साधारण १७ भाग वाढतं. वस्तुमानात त्याची दुप्पट, ३४. ११०७ ला ते ०.०४ डाल्टन होतं. खोली ३ अंशानं वर-खाली झाली आणि नळीनं ती पकडली तर ०.११ डाल्टन, म्हणजे १०,००० रेझोल्यूशनची आख्खी पीकरुंदी.

आणि एक हात जोडून सांगतो. सप्लायचं झाकण उघडून मीटर लावायला जाऊ नका. बंद केल्यावरसुद्धा कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो, जीव जातो. २० किलोव्होल्टमधले २ व्होल्ट साध्या मीटरवर दिसत पण नाहीत. तुमचं पीकच सगळ्यात चांगला मीटर आहे. एका पीकचा मध्य वेळेनुसार कागदावर काढा.

मृदगंधा

डाळिंबी, तू मॅट्रिक्स कुठलं घेतेस आणि ठिपका कसा सुकवतेस? इथपर्यंत सगळे नळी आणि व्होल्टेजबद्दल बोलतायत, नमुन्याबद्दल कुणी विचारलंच नाही.

डाळिंबी

डीएचबी (डायहायड्रॉक्सिबेन्झोइक आम्ल). अर्क आणि मॅट्रिक्स सारख्या प्रमाणात मिसळून प्लेटवर थेंब टाकायचा आणि हवेत सुकू द्यायचा. सिग्नल कडेच्या सुयांवर चांगला मिळतो, म्हणून लेझर कडेकडेनं फिरवत शॉट घेतो. लेझरची ऊर्जा जरा वर ठेवावी लागते, नाहीतर जड पीक्स दिसत नाहीत.

मृदगंधा

मला वाटतं तुझे निम्मे नॅनोसेकंद तिथेच आहेत.

डीएचबीचा थेंब हवेत सुकला की मधे पातळ पापुद्रा आणि कडेला लांब जाड सुया, हे त्याचं नेहमीचं रूप. भिंगाखाली बघ, एकाच ठिपक्यात डोंगर-दऱ्या दिसतील. निर्वात काकांनी सांगितलं की आयन २०० नॅनोसेकंदांत ०.१ मिलिमीटर सरकतो आणि सगळी जुळवाजुळव त्या ०.१ मिलिमीटरवर चालते. आता तुझी सुई त्याच मापाची जाड असेल, तर एक आयन सुईच्या टोकावरून निघतो आणि दुसरा प्लेटवरून. डिलेड एक्स्ट्रॅक्शनला वेगातला फरक सुधारता येतो. निघण्याची जागाच वेगळी असेल तर त्याला काही करता येत नाही.

शिवाय जाड स्फटिक विजेचा दुर्वाहक. शॉटमागून शॉट मारले की त्यावर चार्ज साठतो आणि त्या जागेचं व्होल्टेज प्लेटच्या व्होल्टेजपासून ढळतं. होटगी_रोड म्हणतात ते सरकणं मग सप्लाय ठणठणीत असूनही होतं.

लेझरचंही तेच. आयन दिसायला लागतात त्या उंबरठ्याच्या किंचित वर राहायचं. त्याहून ऊर्जा वाढवली की ढग दाट होतो, आयन आपसात धडकतात, वेग पसरतात, रेणू वाटेत तुटतात. सिग्नल उंच दिसतो आणि रुंदही होतो. उंच पीक बघून खूश होण्याची सवय माल्डीत घात करते.

करून बघ: ठिपका सुकल्यावर त्यावर अगदी थोडं इथेनॉल सोड आणि पुन्हा सुकू दे. सुया विरघळून बारीक, एकसारखे स्फटिक पसरतात. साखरेच्या साखळ्यांवर काम करणारे लोक डीएचबीसोबत हे नेहमी करतात.

नवशिक्या_भौतिक

आता चार कारणं झाली: नमुना, व्होल्टेज, तापमान, डिले. डिटेक्टर तर राहिलाच. यातलं मोठं कोणतं हे यंत्र न उघडता कसं कळणार?

निर्वात

उत्तम प्रश्न विचारलास, बाळा. यंत्र न उघडता बरंच कळतं.

पहिली गोष्ट, पीकची रुंदी डाल्टनमध्ये बघणं सोडून द्या, नॅनोसेकंदांत बघा. मग वेगवेगळ्या वस्तुमानांना ती किती आहे ते मांडा. अँजिओटेन्सिन १ चं १२९६.७, एसीटीएच या संप्रेरकाच्या १८ ते ३९ या तुकड्याचं २४६५.२, गाईचं इन्सुलिन ५७३० च्या आसपास, ही नेहमीची कॅलिब्रेशनची मंडळी आहेत. रुंदी सगळीकडे सारखेच नॅनोसेकंद असेल तर दोष डिटेक्टर, केबल किंवा डिजिटायझरकडे, कारण त्यांना आयनाचं वस्तुमान माहीत नसतं. रुंदी वस्तुमानाच्या वर्गमुळासोबत वाढत असेल, म्हणजे रेझोल्यूशन सगळीकडे एकच येत असेल, तर ऊर्जा, व्होल्टेज किंवा डिटेक्टरच्या कलण्याकडे बघा. एकाच वस्तुमानाला बारीक आणि दोन्ही बाजूंना रुंद होत असेल तर डिले त्या एका जागी जुळलाय, एवढाच अर्थ.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. एकेक शॉट वेगळा साठवा. एका शॉटची रुंदी आणि शेकडो शॉटच्या बेरजेची रुंदी यांची तुलना करा. एक शॉट बारीक आणि बेरीज रुंद असेल तर डिटेक्टर निर्दोष सुटला, डिजिटायझरही सुटला. मग बेरीज दोन तऱ्हांनी करा: लेझर एकाच जागी धरून, आणि ठिपकाभर फिरवून. एकाच जागी धरूनही रुंद झाली तर काळानुसार काहीतरी सरकतंय. फिरवल्यावरच रुंद झाली तर नमुन्याचा पृष्ठभाग.

डिटेक्टरबद्दल एक आकडा देऊन ठेवतो, पुढे लागेल. मायक्रोचॅनेल प्लेटचा, म्हणजे आयन ज्यावर आदळतात त्या चकतीचा, पृष्ठभाग आयनांच्या वाटेला काटकोनात हवा. २५ मिलिमीटर व्यासाची प्लेट १ अंशानं कलली तर एक कड दुसरीपेक्षा ०.४४ मिलिमीटर पुढे. सेकंदाला ५९ किलोमीटर वेगाला ते ७ नॅनोसेकंदांहून जास्त होतात. पाव अंश कललं तरी १.८. म्हणजे १०,००० साठी जेवढी रुंदी परवडते ती सगळी पाव अंशानं खाल्ली, झोत डिटेक्टरभर पसरलेला असेल तर. डिटेक्टर बदलताना स्क्रू सारखे आवळले नाहीत म्हणून रेझोल्यूशन गेलेली यंत्रं मी पाहिली आहेत. पण ताईंनी आधी एक शॉट मोजल्याशिवाय तिकडे जाऊ नये. निर्वात पोकळी उघडली की ती पुन्हा साधायला वेळ जातो आणि चॅनेल प्लेट ओलावा धरते.

लांबपल्ला

हे पटलं. डिजिटायझरबद्दल एक विचारतो. १ अब्ज नमुने म्हणजे नॅनोसेकंदाला एक बिंदू. १.७ नॅनोसेकंदांच्या पीकवर दोन बिंदू पडले तर ते पीक म्हणायचं कसं?

होटगी_रोड

बरोबर पकडलंत. १०,००० गाठायचं तर हा डिजिटायझर अपुराच आहे, दुप्पट-चौपट वेगाचा लागेल. पण आज ५.६ वर असताना त्यावर पाच-सहा बिंदू पडतायत, चालतंय की. त्याची पाळी शेवटी.

डाळिंबी

उशिरा येतेय, परीक्षांचं काम होतं. तुम्ही सगळ्यांनी सांगितलं त्या क्रमानं गेले.

एका शॉटची रुंदी साधारण २.५ नॅनोसेकंद निघाली. बेरीज ५.६. म्हणजे यंत्र आजही ६५०० च्या वर देऊ शकतं, आम्ही बेरीज करताना घालवत होतो. डिटेक्टर बदलायचा विषय बंद झाला.

लेझर एकाच जागी धरून बेरीज केली तर ४ च्या आसपास. ठिपक्याच्या कडेनं फिरवून पुन्हा ५.६. दोन्ही कारणं आहेत, दोन्ही मोठी.

होटगी_रोड दादांचं ऐकून पीकचा मध्य वेळेसमोर मांडला. सकाळी यंत्र चालू केल्यावर तो एका दिशेनं सरकत जातो आणि मग थांबतो, तो सप्लाय तापण्याचा भाग असावा. थांबल्यावरही एक बारीक लाट उरते. खोलीतल्या एसीचा कॉम्प्रेसर चालू-बंद होतो त्याच तालात ती वर-खाली होते. एसीचा झोत सरळ यंत्राच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या कपाटावर येत होता. तो वळवला, कपाटासमोर पुठ्ठ्याचा आडोसा केला, आणि हाय व्होल्टेज आता काम सुरू करायच्या बऱ्याच आधी चालू करून ठेवतो. लाट अगदी थोडी उरलीय.

मृदगंधाताई, इथेनॉलचं काम बघून मी भिंगावरून डोळा काढत नव्हते. थेंब पडला की कडेच्या सुया टोकांकडून आखडत जातात, क्षणभर सगळं पारदर्शक होतं, आणि मग मधूनच पांढरी भुकटी उमलल्यासारखी पसरते. ठिपका काठापासून मध्यापर्यंत एकसारखा. लेझर कुठेही नेला तरी सिग्नल मिळतो, शोधावा लागत नाही. त्यामुळे ऊर्जा खाली आणता आली.

आता शेकडो शॉटची बेरीज २.७-२.८ वर आहे, रेझोल्यूशन ६००० च्या वर. २२०० च्या आसपासच्या पीक्समधली समस्थानिकं पहिल्यांदाच सुटी दिसली. खर्च झाला तो इथेनॉलचा आणि पुठ्ठ्याचा.

निर्वात

फार आनंद झाला. उरलेल्या लाटेसाठी बेरीज करण्याआधी शॉट जुळवून घ्या. मॅट्रिक्सचं एखादं ओळखीचं पीक धरायचं, प्रत्येक शॉटमधलं ते पीक एकावर एक येईल एवढा सगळा शॉट सरकवायचा आणि मग मिळवायचा. आणि आता डिले दहा-वीस नॅनोसेकंदांच्या पायऱ्यांनी पुन्हा जुळवा. आधी केलेली जुळणी लठ्ठ पीकवर केली होती, तिला अर्थ नव्हता.

डाळिंबी

करते, काका. पण एक गाठ तशीच आहे. ११०७ च्या पुढे ११२३ ला एक ठसठशीत पीक आहे. ते प्युनिकॅलॅजिन अधिक पोटॅशियम, की एक ऑक्सिजन जास्त असलेला वेगळा रेणू अधिक सोडियम? दुसरं असेल तर माझ्या कामासाठी ती मोठी गोष्ट आहे. रेझोल्यूशन आणखी किती वाढवलं तर हे सुटेल?

मृदगंधा

हिशेब करू. सोडियमच्या जागी पोटॅशियम आला की १५.९७४ वाढतात. ऑक्सिजन आला की १५.९९५. फरक ०.०२१ डाल्टन. पोटॅशियमवालं पीक ११२३.०३० ला, ऑक्सिजनवालं ११२३.०५१ ला. दोन्ही एकत्र असताना सुटी दिसायला ५०,००० च्या वर रेझोल्यूशन लागेल. डिले, डिजिटायझर, डिटेक्टर सगळं साधलंस तरी हे यंत्र तिथे जाणार नाही.

लांबपल्ला

म्हणजे शेवटी १७ मीटरवालं यंत्रच.

मृदगंधा

नाही. हा प्रश्न बाटलीत सुटतो.

फळाच्या सालीत पोटॅशियम रग्गड असतो, त्यामुळे ११२३ तर येणारच. सोडियम पाण्यातून, काचेतून, हातातून येतो. बोअरचं पाणी तर बाजूलाच ठेव, उजनीचं नळाचं पाणी शेवटच्या धुण्याला वापरलेली बाटलीसुद्धा नको. अर्क आणि मॅट्रिक्स प्लॅस्टिकच्या नळ्यांत ठेव. हे सगळं करूनही दोन्ही थोडे राहतातच, म्हणून तिसरा धातू मुद्दाम घाल: सीझियम. टॅनिन्सवर माल्डी करणारे लोक सीझियम ट्रायफ्लुओरोॲसिटेट वापरतात ते याच गोंधळासाठी. सीझियमचं निसर्गात एकच समस्थानिक आहे, त्यामुळे नमुना गुंतत नाही. आधी धन-आयन बदलणाऱ्या रेझिनचे मणी अर्कात फिरवून सोडियम-पोटॅशियम काढ, मग सीझियम घाल.

प्युनिकॅलॅजिन १२१६.९७ ला जाईल. १२३२.९७ ला काही दिसलं तर ते पोटॅशियम असू शकत नाही, ऑक्सिजनच. त्या दोन पीक्समध्ये १६ डाल्टनचं अंतर आहे, ते तुझ्या ३००० रेझोल्यूशनलाही दिसलं असतं.

डाळिंबी

सीझियम क्लोराइड आमच्या कपाटात आहे. ते चालेल का?

मृदगंधा

सीझियम चिकटेल, पण क्लोराइड मॅट्रिक्ससोबत सुकताना वेगळे मिठाचे कण सोडू शकतं आणि इथेनॉलनं कमावलेला एकसारखा पृष्ठभाग जाईल. फारच विरळ घेऊन एका ठिपक्यावर बघ, भिंगाखाली कण दिसले तर ट्रायफ्लुओरोॲसिटेट मागव. आणि तोच नमुना ऋण आयनांच्या मोडमध्येही घे. तिथे प्युनिकॅलॅजिन एक प्रोटॉन सोडून १०८३.०६ ला येतं, ऑक्सिजनवाला भाऊ असलाच तर १०९९.०५ ला.

होटगी_रोड

ताई, ऋण मोडला जाताना सप्लायची पोलॅरिटी बदलेल. बदलल्यावर पुन्हा तापू द्या, लगेच शॉट घेऊ नका. त्या दिवशी मी कॉलेजच्या बाजूलाच आहे, लागलं तर कळवा, येऊन जातो.

डाळिंबी

या दादा, सकाळीच या. प्लेट आदल्या संध्याकाळी तयार ठेवते.